रेडिएशन-केमो संपून साडेतीन महिने झाले, आता मान वाकवली की पाठीतून करंट जातो

सांगलीफाटा

मामांची केस मांडतोय. फाइल समोर ठेवूनच लिहितोय.

वय ५७, वजन ५२ किलो, उंची १६२ सेंमी. उजव्या गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, त्या बाजूच्या मानेतल्या गाठीही काढल्या, जबड्यात टायटॅनियमची प्लेट आहे. नंतर रेडिएशन ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), ३० बैठका. सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) ६० मिलिग्रॅम, असे ६ डोस. हे सगळं संपून साडेतीन महिने झाले. गेल्या तपासणीत तोंड आणि मान स्वच्छ होती.

गेले तीन आठवडे मान खाली घातली की (ताटाकडे बघताना, चप्पल घालताना) मानेतून कमरेपर्यंत करंट जातो, कधी मांड्यांपर्यंत. एक-दोन सेकंदच. मान सरळ केली की बंद. दोन्ही तळपाय बधीर, रात्री चुरचुरतात. चप्पल पायातून निघून मागे राहते आणि चार पावलं गेल्यावर कळतं. केमो चालू असताना यातलं काहीच नव्हतं. शिवाय कानात किर्र आवाज, रात्री पोटऱ्यांत गोळे, आणि उजवा खांदा उतरलाय, हात वर जात नाही.

चालणं, जिना चढणं ठीक. लघवी-संडासवर ताबा आहे. पाठदुखी नाही. मधुमेह ६ वर्षं, मेटफॉर्मिन चालू. पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) ऑपरेशनपासून रोज. माळकरी आहेत, पूर्ण शाकाहारी. खाणं अजून पातळच: पेज, आमटीत कुस्करलेली भाकरी. काम शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, पुढच्या महिन्यात परत जायचं म्हणतात.

विचारायचं हे: कॅन्सर मणक्यात गेला असेल का? औषध बंद झाल्यावर त्रास सुरू होतो हे कसं? पुढची तारीख पाच आठवड्यांनी आहे, तोवर थांबायचं का? गावातले डॉक्टर "नसांची गोळी आणि ताकदीचं सलाईन" देतो म्हणतात, घ्यावं का?

---

मज्जातंतू

सांगलीफाटा, हे एक दुखणं नाही. तुम्ही लिहिलेल्यात निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत. सगळं "केमोचा परिणाम" म्हणून एकाच पोत्यात भरलं, की त्यातली सहज बरी होणारी गोष्टही तशीच राहून जाते.

आधी करंट. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून वीज जाण्याला लेर्मिट चिन्ह म्हणतात. मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं, वायरीवरच्या प्लास्टिकसारखं. मानेवर रेडिएशन झालं की हे वेष्टन तयार करणाऱ्या पेशी काही काळ मंदावतात. जुनं वेष्टन झिजत जातं आणि नवं वेळेवर चढत नाही. ही तूट दिसायला दोन ते चार महिने लागतात. मान वाकली की मज्जारज्जू ताणला जातो आणि उघड्या पडलेल्या तंतूंतून खोटा संदेश सुटतो. तुमचे साडेतीन महिने या वेळापत्रकात चपखल बसतात. सिस्प्लॅटिननेही हेच होऊ शकतं. बहुतेकांत ते काही महिन्यांत आपोआप जातं, वेगळं औषध लागत नाही. तोवर मुद्दाम मान वाकवून "अजून येतो का" हे दिवसातून दहादा बघू नये, आणि मालीशवाल्याकडून मान मोडून तर अजिबात घेऊ नये.

एक कागद मात्र मागून घ्या. रेडिएशन विभागाकडे प्लॅन समरी असते, त्यात मज्जारज्जूला जास्तीत जास्त किती ग्रे गेले ते लिहिलेलं असतं. हा आकडा साधारण ४५ ते ५० च्या आत ठेवतात. आत असेल तर रेडिएशनने मज्जारज्जू कायमचा बिघडण्याचा धोका फारच कमी. तो कायमचा बिघाड सहसा सहा महिन्यांनंतर, कधी काही वर्षांनी येतो. त्यात करंटपेक्षा एका पायाचं बळ कमी होणं, एका बाजूला गरम-गार न कळणं अशी सुरुवात असते आणि ते वाढत जातं.

आता मणक्याची भीती. तोंडाचा कॅन्सर मणक्यात जाणं हे स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटच्या मानाने कमी दिसतं. पण ते नाकारायचं ते लक्षणांवरून, अंदाजाने नाही. पाठीत किंवा मानेत नवीन दुखणं, रात्री आडवं पडल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारं. छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं. पाय जड पडणं, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागणं. लघवी सुरूच न होणं किंवा नकळत होणं. बैठकीच्या जागेला बधिरपणा. यातलं एक जरी दिसलं तरी तारीख-बिरीख विसरा आणि त्याच दिवशी ज्या दवाखान्यात उपचार झाले तिथे किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, रविवार असला तरी. तिथे "कॅन्सरचा रुग्ण आहे, पायांचं बळ कमी झालंय" हे पहिलं वाक्य असू द्या. "कंबर दुखतेय" म्हणालात तर रांगेत बसवतील. अशा वेळी चोवीस तासांच्या आत संपूर्ण मणक्याचा एमआरआय आणि डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टिरॉइड) लागतं. उपचार सुरू होताना जो माणूस चालत असतो, तो पुढेही चालत राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून तिथे तासांचा हिशेब असतो.

मामांना यातलं काही नाही. म्हणून आज रात्री धावायची गरज नाही, पण पाच आठवडेही थांबू नका. याच आठवड्यात दाखवा.

पायांचा बधिरपणा ही दुसरी गोष्ट. सिस्प्लॅटिन मज्जारज्जूच्या बाहेर, मणक्याशेजारी असलेल्या संवेदी पेशींच्या गाठींत जाऊन बसतं. तिथे रक्तातून येणाऱ्या औषधाला अडवणारा पडदा तेवढा पक्का नसतो. या पेशी हळूहळू खचतात आणि त्यांची सगळ्यात लांब टोकं, म्हणजे पायाची बोटं, आधी बोलू लागतात. म्हणून शेवटच्या डोसनंतरही दोन ते सहा महिने त्रास वाढत जातो. सायकलचं पायडल मारणं थांबवलं तरी उतारावर ती पळतच राहते, तसं. मग थांबतो आणि पुढे सावकाश कमी होतो, काहींना थोडा राहतोच. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधात उलट असतं, त्याचा त्रास औषध चालू असतानाच दिसतो आणि थांबवल्यावर बहुधा उतरणीला लागतो.

डोसाच्या हिशेबात एक घोळ नेहमी होतो. सिस्प्लॅटिनचा त्रास साधारण ३०० च्या पुढे सुरू होतो असं म्हणतात, आणि फाइलवर एकूण ३६० मिलिग्रॅम दिसतात म्हणून घरचे घाबरतात. पण ते ३०० म्हणजे शरीराच्या दर चौरस मीटरमागे. मामांची उंची-वजन धरलं तर पृष्ठभाग १.५३ चौरस मीटर येतो. ३६० भागिले १.५३ म्हणजे २३५. म्हणजे डोस काठाच्या अलीकडेच आहे, तरी पाय बधीर आहेत. तेव्हा जोडीला दुसरं काहीतरी आहे का, हे शोधणं भाग आहे. मधुमेह आहेच. पण माझी नजर जाते ती मेटफॉर्मिन, रोजचं पॅन्टोप्राझोल आणि शाकाहार या तिघांवर. तिन्ही बी-१२ कमी करणारे. आणि बी-१२ च्या कमतरतेतही हुबेहूब हाच करंट येतो, हेच पाय बधीर होतात. त्यात भर म्हणजे, मोठ्या ऑपरेशनमध्ये भुलीसाठी नायट्रस ऑक्साइड वापरलं असेल तर ते शरीरातलं उरलंसुरलं बी-१२ निकामी करतं. आधीच काठावर असलेला माणूस मग काही आठवड्यांत घसरतो. भुलीच्या कागदावर ते लिहिलेलं असतं, बघून घ्या.

पोटऱ्यांतले गोळे म्हणजे मॅग्नेशियमचा विचार. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडातून मॅग्नेशियम गळतं आणि ही गळती केमोनंतरही महिनोन्महिने चालू राहू शकते. पॅन्टोप्राझोल त्यात आणखी ओढतं. मॅग्नेशियम कमी असलं की पोटॅशियम आणि कॅल्शियमही खाली जातात, आणि मॅग्नेशियम भरल्याशिवाय ती वर येत नाहीत. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट तपासणीत मॅग्नेशियम बहुधा नसतं, चिठ्ठीवर वेगळं लिहून घ्यावं लागतं.

तर रक्ताच्या एकाच टोचणीत एवढं करा: बी-१२, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची साखर), टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना. मानेवर रेडिएशन झालंय म्हणून टीएसएच पुढेही दर सहा ते बारा महिन्यांनी लागणारच. बी-१२ साठी रक्त द्यायच्या आधी एकही बी-१२ चं इंजेक्शन किंवा गोळी नको. आधी टोचलंत तर आकडा फुगून येतो आणि मग तो कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

एमआरआय मानेच्या मणक्याचा करावा असं माझं मत, तातडी म्हणून नाही, तर दाबाचं कारण पक्कं बाजूला काढायला. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसायला शिरेतून देतात ते औषध) देणार असतील तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या. जबड्यातली प्लेट टायटॅनियमची असल्याने सहसा अडचण येत नाही, पण तंत्रज्ञाला आधी सांगा. नाहीतर टेबलावर झोपवल्यावर प्रश्न निघतो आणि नंबर जातो. नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी एनसीव्ही तपासणी मात्र घाईने करू नका. केमोमुळे असा मोज्याच्या आकाराचा बधिरपणा आला असेल तर निदान तपासूनच होतं. बारीक तंतू बिघडले असतील तर एनसीव्ही नॉर्मल येते, आणि पैसे घालवून "काही नाही" असा कागद हाती पडतो. बळ कमी असेल, एकाच बाजूला त्रास असेल, किंवा झपाट्याने वाढत असेल, तेव्हा ती करावी.

घरी एक करून बघता येईल. मामांना डोळे मिटायला सांगा. पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरा (वर-खालून धरू नका, दाबावरूनच उत्तर कळतं) आणि किंचित वर किंवा खाली करून "कुठे नेला" विचारा. दहातली दोन-तीन उत्तरं चुकली तर ते डॉक्टरांना सांगा. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) अंगठ्यावर ठेवून कंप कळतो का, आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया येते का, हे ते बघतील. सिस्प्लॅटिन संवेदना मारतं, बळ सहसा नाही. पाऊल उचलता येत नाही असं झालं तर कारण दुसरं शोधायचं.

---

गोळीइंजेक्शन

वरचं सगळं बरोबर. मी फक्त औषधांचं बोलतो.

"नसांची गोळी" म्हणजे काय ते आधी पट्टी उलटी करून वाचा. एका गोळीत मिथाइलकोबालामिन, प्रीगॅबालिन, अल्फा लिपोइक ॲसिड, फॉलिक ॲसिड, बी-६ अशी मिसळ असते. ती मिसळपावात बरी. इथे अडचणी तीन. एक, मज्जातंतूंनी सांगितलं तसं बी-१२ ची तपासणी बिघडते. दोन, बी-१२ कमी असताना फॉलिक ॲसिड एकटंच जास्त गेलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. तीन, बी-६. लोकांना वाटतं जीवनसत्त्व आहे, जास्त झालं तर काय होणार? रोज १०० मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त महिनोन्महिने गेलं तर बी-६ स्वतःच पाय बधीर करतं. दोन-तीन डॉक्टरांच्या दोन-तीन गोळ्या एकदम चालू असतात आणि प्रत्येकीत बी-६, बेरीज कुणी करत नाही. ती बेरीज करा.

असिटाइल-एल-कार्निटिन कुणी दिलं तर नको म्हणा. पॅक्लिटॅक्सेलच्या जातीची औषधं घेणाऱ्यांत ते देऊन बघितलं, तर बधिरपणा वाढला. अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ते वापरू नये असं स्पष्ट आहे. त्याच मार्गदर्शनात केमोनंतरच्या नसांच्या वेदनेसाठी शिफारस एकाच औषधाची आहे, ड्युलॉक्सेटिन. तेही वेदना-जळजळीसाठी, नुसत्या बधिरपणाला फारसा फरक पडत नाही. २०१३ साली छापलेल्या चाचणीत ड्युलॉक्सेटिनवरच्या ५९ टक्के लोकांना वेदना थोडीफार कमी वाटली आणि नुसत्या दाखवायच्या गोळीवरच्या ३८ टक्क्यांना. म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही. मामांना रात्री नुसती चुरचुर असेल तर आधी बी-१२ आणि मॅग्नेशियमचा निकाल लागू दे.

पुढे द्यायचं ठरलंच तर ३० मिलिग्रॅम जेवणानंतर एक आठवडा, मग ६०. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, तिथेच लोक सोडतात. सोडायचं असेल तर टप्प्याने, एकदम नाही. कॅप्सूलमधल्या बारीक मण्यांना आवरण असतं, ते कुटून देऊ नका. तोंड कमी उघडत असेल तर आधी सांगा. ट्रामाडोल चालू असेल तर सोबत ड्युलॉक्सेटिन धोक्याचं: घाम, थरथर, गोंधळ उडतो. कॅन्सरच्या वेदनेसाठी ट्रामाडोल बऱ्याच फाइलींत असतंच, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता ते ताकदीचं सलाईन. ऐका, तेवढं मात्र करू नका. महिनोन्महिने पातळ खाणारा, वजन उतरलेला माणूस थायामिनला, म्हणजे बी-१ ला, भुकेला असतो. त्याला ग्लुकोजची बाटली लावली की उरलेलं थायामिन ग्लुकोज जाळण्यात संपतं आणि मेंदूवर येतं. डोळे तिरळे फिरणं किंवा एकाचे दोन दिसणं, झोकांड्या, आणि भ्रम. ही ताकद नव्हे, ही आणीबाणी. कधी सलाईन लागलंच (उलट्या, जुलाब) तर आधी थायामिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. शिवाय ग्लुकोजच्या एका बाटलीत जेवढी शक्ती असते तेवढी एक-दोन केळ्यांतही असते.

---

हुपरीकर

याच विषयात घुसतो, माफ करा. आई ६१, स्तनाचा कॅन्सर, पॅक्लिटॅक्सेलचे १२ आठवडे संपून आठ महिने. पायांचा बधिरपणा बराच उतरला. पण आता उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री झोपेतून उठवतात. लेट्रोझोल (कॅन्सरनंतरची हार्मोनची गोळी) चालू आहे. हेच उशिरा वाढणारं दुखणं का?

---

मज्जातंतू

हुपरीकर, नाही. करंगळी वाचली आहे ना? मग ही मनगटातली नस दबतेय. कार्पल टनेल म्हणतात ते. केमोचा बधिरपणा दोन्ही हातांच्या सगळ्या बोटांच्या टोकांना असतो, असा तीन बोटं निवडून नसतो. लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्यांनी मनगटातल्या स्नायुबंधांची आवरणं सुजतात आणि नस दाबली जाते. उठल्यावर हात झटकला की बरं वाटत असेल तर जवळपास पक्कंच.

रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा सहा आठवडे, टीएसएच आणि साखर तपासून घ्या. इथे एनसीव्ही खरोखर कामाची आहे. अंगठ्याच्या मुळाशी असलेला फुगीर स्नायू सपाट दिसायला लागला तर उशीर करू नका. लेट्रोझोल मनाने थांबवू नका, गोळी बदलण्याचे पर्याय असतात. ऑपरेशन त्याच बाजूला झालं असेल आणि हाताला सूज असेल तर मनगटात इंजेक्शन घेण्याआधी ते सांगा.

---

गोळीइंजेक्शन

आणि कुणाला टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरची दुसरी गोळी) चालू असेल तर ड्युलॉक्सेटिन लिहून घेताना कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. यकृतातलं जे एन्झाइम टॅमॉक्सिफेनला कामाचं बनवतं, त्यालाच ड्युलॉक्सेटिन अडवतं. तिथे व्हेन्लाफॅक्सिनचा विचार करतात. लेट्रोझोलबरोबर ही अडचण नाही.

---

सांगलीफाटा

रिपोर्ट आले. बी-१२ १६४. मॅग्नेशियम १.२. कॅल्शियम ८.१, पोटॅशियम ३.३. क्रिएटिनिन १.३. एचबीए१सी ७.१. टीएसएच ४.०. हिमोग्लोबिन १०.४. मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जू नॉर्मल, कुठे दाब नाही. मज्जारज्जूचा डोस विचारला, जास्तीत जास्त ३८ ग्रे. अंगठ्याच्या खेळात दहातली चार चुकली. डॉक्टर म्हणाले बी-१२ ची इंजेक्शनं आणि मॅग्नेशियमसाठी एक दिवस भरती. प्रीगॅबालिन ७५ रात्री लिहिलंय. महात्मा फुले योजनेत बसेल का?

---

मज्जातंतू

मानेच्या मणक्याची भीती संपली आणि बरं होणारं कारण सापडलं, दोन्ही चांगलं झालं. बी-१२ २०० च्या खाली म्हणजे कमतरता, त्यात शंका नाही. (२०० ते ३०० च्या मध्ये आला असता तर होमोसिस्टीन बघावं लागलं असतं.) एमआरआय नॉर्मल आला म्हणून बी-१२ चा दोष नाही असं होत नाही, सुरुवातीला तो नॉर्मलच असतो. करंट रेडिएशनचा की बी-१२ चा, हे आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही आणि त्याने काही अडतही नाही, कारण इंजेक्शनं द्यायचीच आहेत.

नसांचा त्रास असताना गोळ्यांवर भागवू नका. १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, एक दिवसाआड दोन-तीन आठवडे, मग आठवड्याला एक असं महिनाभर, मग महिन्याला एक. वेळापत्रक तुमचे डॉक्टर थोडं मागेपुढे करतील. मेटफॉर्मिन आणि शाकाहार राहणार असेल तर महिन्याचं इंजेक्शनही राहणार. पहिल्या काही दिवसांत चुरचुर थोडी वाढली तर घाबरू नका. सुधारणा महिन्यांच्या हिशेबात मोजायची.

मॅग्नेशियम १.२ ला शिरेतून देणं बरोबर आहे. सावकाश, काही तासांत, क्रिएटिनिनवर लक्ष ठेवून. भराभर दिलं तर मूत्रपिंड ते तसंच बाहेर टाकतं आणि दुसऱ्या दिवशी आकडा परत तिथेच. घरी आल्यावर गोळ्यांनी पोट सुटतं, म्हणून डोस विभागून. आठवड्याने आणि महिन्याने परत तपासा. पॅन्टोप्राझोल आता कशासाठी चालू आहे हे डॉक्टरांना सरळ विचारा. बऱ्याच फाइलींत ते ऑपरेशनच्या दिवशी सुरू होतं आणि बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

योजनेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं. बाहेरच्या बाहेर केलेल्या रक्ततपासण्या सहसा बसत नाहीत. भरतीचं पॅकेज लागतं का हे भरती होण्याआधीच त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. नंतर बिल नेऊन उपयोग होत नाही.

---

गोळीइंजेक्शन

प्रीगॅबालिनच्या आधी एक हिशेब. क्रिएटिनिन १.३ दिसायला जवळपास नॉर्मल, पण माणूस ५२ किलोचा आहे. (१४० वजा ५७) गुणिले ५२, भागिले (७२ गुणिले १.३). येतात ४६. म्हणजे मूत्रपिंड नेहमीच्या निम्म्याच्या आसपास चालतंय. ३० ते ६० मध्ये प्रीगॅबालिनची दिवसाची कमाल मात्रा निम्मी करतात, ३०० मिलिग्रॅम. रात्रीचे ७५ चालतील, पण "फरक नाही" म्हणून मनाने वाढवत नेऊ नका. चक्कर आणि पायाला सूज येते, आणि आधीच बधीर पायावर चक्कर म्हणजे पडणं आलंच. याच कारणाने दुखण्यावर डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन नको, आणि मेटफॉर्मिनचा डोसही एकदा दाखवून घ्या. तापासाठी कुणी जेंटामायसिन किंवा अमिकासिन टोचायला निघालं तर सिस्प्लॅटिन झालंय हे सांगा. ही अँटिबायोटिकही कान आणि मूत्रपिंड दोन्हींना मारतात.

---

शाहूपुरी_फिजिओ

खांद्याचं कुणी बोललंच नाही. तो केमोचा नाही आणि मणक्याचाही नाही. मानेतल्या गाठी काढताना ट्रॅपिझियस स्नायूला जाणारी नस ताणली किंवा दुखावली जाते. मग खांदा खाली आणि पुढे झुकतो, हात बाजूने खांद्याच्या वर जात नाही. नस शाबूत असेल तर सहा ते बारा महिन्यांत बरंच परत येतं, पण तोवर सांधा गोठू द्यायचा नाही. उताणं झोपून दुसऱ्या हाताने हा हात डोक्याकडे नेणं, १० वेळा, दिवसातून तीनदा. बसून खांद्यांची दोन्ही पाती एकमेकांकडे ओढून ५ सेकंद धरणं, १० वेळा. त्या हातात बादली, सिलिंडर, पिशवी लटकवू नका. लटकणारं वजन दुखावलेल्या नसेला खाली ओढतं. मानेचे व्यायाम करताना करंट येईल तिथे थांबायचं, पलीकडे ढकलायचं नाही.

पाय. अंगठ्याची जागा डोळे मिटल्यावर कळत नसेल तर माणूस डोळ्यांनी तोल सांभाळत असतो. म्हणून अशी माणसं पडतात ती दोन ठिकाणी: तोंडाला साबण लावून डोळे मिटले की न्हाणीघरात, आणि रात्री लाईट गेल्यावर. न्हाणीत बसायला स्टूल आणि भिंतीला पक्का दांडा, संडासच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा. तोलाचा व्यायाम स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभं राहून: एक पाय दुसऱ्याच्या पुढे, टाच बोटांना चिकटवून, ओट्यावर दोन बोटांचा आधार, ३० सेकंद. जमलं की आधार एका बोटाचा. डोळे मिटून करायचं ते सगळ्यात शेवटी आणि शेजारी माणूस उभा असताना.

आता चप्पल. कोल्हापुरात हे बोलणं पाप आहे, पण कोल्हापुरी चप्पल काही महिने खुंटीवर टांगा. कडक तळ, अंगठ्याची वादी, मागे पट्टा नाही. बधीर पायाने ती धरून ठेवता येत नाही. म्हणूनच मागे राहते. नवी चप्पल चावते ते कळतही नाही, आणि मधुमेहात ती जखम महिना घेते. मागे पट्टा असलेली, आत मऊ एमसीआर रबराचा थर असलेली चप्पल घ्या. मधुमेहाच्या पायांसाठी जी मिळते तीच. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना माप द्या. घालण्याआधी रोज हात घालून आत खडा-खिळा बघा. रात्री तळव्याखाली आरसा धरून पाय बघणं, बोटांच्या बेचक्यांसकट. पाण्याची ऊब कोपराने बघायची, पायाने नाही. गरम विटेचा शेक, चुलीसमोर पाय करून बसणं बंद.

माळकरी आहेत म्हणजे देवळात जाणं होणारच. अंबाबाईच्या आवारात किंवा चैत्रात जोतिबावर उन्हाच्या फरशीवरून अनवाणी गेले तर तळवा भाजलेला घरी येऊन कळेल. जाड सुती मोजे घालून जाऊ देत, आणि सकाळी लवकर.

फाउंड्रीचं: कानात आधीच किर्र आहे, म्हणजे आधी कानांची ऑडिओमेट्री करा, ८००० हर्ट्झपर्यंत. सिस्प्लॅटिन वरच्या पट्टीपासून खायला सुरुवात करतं आणि गेलेलं परत येत नाही. शेकआउट (साचा फोडणं) आणि फेटलिंगच्या (ओतीव घासण्याच्या) आवाजात इअरमफशिवाय उभं राहणं नको. आणि बधीर पायाने भट्टीजवळ, ओतकामाच्या बाजूला तर नकोच. बुटात ठिणगी गेली तरी कळणार नाही. डॉक्टरांकडून कामाच्या स्वरूपासह लेखी घ्या, "हलकं काम" एवढंच लिहून आणलं तर सुपरवायझर आपल्या सोयीने अर्थ लावतो.

---

सांगलीफाटा

उद्या सकाळी भरती. भुलीचा कागद सापडला, नायट्रस ऑक्साइड लिहिलंय. मागच्या पट्ट्याची चप्पल कुठे मिळेल?

---

शाहूपुरी_फिजिओ

सीपीआरमध्ये फिजिओथेरपी विभागात विचारा, किंवा मधुमेहाच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात. पावलाचा कागदावरचा ठसा घेऊन जा: उभं राहून, दोन्ही पायांवर वजन देऊन काढलेला. बसून काढला तर माप लहान येतं.